फ्री एनर्जी मोटरमध्ये इनपुटपेक्षा आउटपुट जास्त दिसतंय? या क्रमाने तपासा

लक्षणं

फ्री एनर्जी मोटर म्हणजे घेते त्यापेक्षा जास्त वीज देते असा दावा असलेली मोटर. पुढचं एखादं लक्षण तुमच्या मोटरमध्ये दिसत असेल तर हे वाचा.

– जॉन बेडिनी या अमेरिकन माणसाच्या पद्धतीची पल्स मोटर (कॉइलला सलग वीज न देता झटक्या-झटक्याने देणारी) दोन बॅटऱ्यांवर चालवली, म्हणजे पहिलीवर मोटर चालते आणि दुसरी चार्ज होते. पहिलीचं व्होल्टेज जेमतेम हललं आणि दुसरीचं चढलं.
– मीटरवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर केले तर आउटपुटचे वॅट इनपुटच्या दुप्पट-तिप्पट येतात.
– आउटपुट कॉइल शॉर्ट केली की चाक मंदावायच्या ऐवजी जोरात फिरतं.
– नुसत्या चुंबकांचं चाक हाताने ढकललं की बराच वेळ फिरतं, मग एका ठरावीक जागी येऊन अडकतं.
– मोटर, पट्टा, फ्लायव्हील (जड चाक) आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) अशी जोडणी केली. मोटर बंद केल्यावरही बल्ब जळत राहतो.

नागपुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं काम आहे. प्रोजेक्टचा हंगाम आला की इंजिनिअरिंगची पोरं अशा मोटरी घेऊन येतात. वर्षभर अधूनमधून निवृत्त मंडळी येतात, आणि काटोल-नरखेडकडचे संत्र्याचे बागायतदारही येतात, कारण त्यांना रात्रीच्या विजेचा वीट आलेला असतो. वाइंडिंग बहुतेकांनी झकास केलेलं असतं. दोष सापडतो तो मोजण्यात. माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक मोटरीच्या बाबतीत जास्तीचे वॅट मीटर, बॅटरी किंवा गुणाकार यांतल्या कुठल्यातरी जागी सापडले. म्हणून ते शोधायचा क्रम इथे देतो. पहिल्या तपासण्या फुकटात होतात, पुढच्यांना खर्च आणि वेळ लागतो.

मीटरचा सेल बदला

हे सगळ्यात आधी करा. स्वस्तातल्या डिजिटल मल्टिमीटरचा ९ व्होल्टचा सेल उतरला की त्याचं रीडिंग खाली न जाता वर सरकतं. मीटरमधला तुलनेचा संदर्भ व्होल्टेजच खाली येतो, म्हणून समोरचं सगळं मोठं दिसू लागतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह उमटलं असेल तर त्या दिवशीची सगळी रीडिंग रद्द समजा. नवा सेल टाकल्यावर दुसऱ्या मीटरशी ताडून बघा.

गुणाकार कशाचा केला?

वहीत लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी, एकाच लोडवर घेतले होते का? सगळ्यात जास्त वेळा गाडी इथेच घसरते. समजा आउटपुट कॉइलला डायोड लावून कपॅसिटर भरला. काहीही न जोडता मोजलं तर ६० व्होल्ट आले. मग मीटर अँपिअरवर ठेवून तीच दोन टोकं मोजली, तर ०.८ अँपिअर. गुणाकार ४८ वॅट. इनपुटला १२ व्होल्ट आणि १.५ अँपिअर, म्हणजे १८ वॅट. पोराचे डोळे चमकतात, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण आकडे खरोखरच मीटरवर दिसलेले असतात.

पण ६० व्होल्ट होते तेव्हा करंट शून्य होता. ०.८ अँपिअर वाहत होता तेव्हा व्होल्टेज जवळजवळ शून्य होतं. दोन्ही वेळी बाहेर पडलेले वॅट शून्यच. त्याच टोकांना ७५ ओहमचा, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि रेझिस्टर लागलेला असतानाच व्होल्ट मोजा. ३० च्या आसपास येतील, करंट ०.४ अँपिअर. झाले १२ वॅट. साध्या सोर्समधून मिळणारी जास्तीत जास्त पॉवर ही त्या फसव्या गुणाकाराच्या एक चतुर्थांश असते. १८ मधले १२ वॅट बाहेर काढणारी घरगुती मोटर ही चांगली मोटर आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही.

लोड म्हणून एलईडी लावून उजेडावरून अंदाज बांधू नका. एलईडी काही मिलिवॅटवरही लखलखतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा तारेचा बल्ब घ्या. त्याची तार तापते तेव्हाच तो उजेड देतो, आणि तार तापवायला खरे वॅट लागतात.

पल्स आणि मीटर

पल्स मोटरच्या आउटपुटला नीटनेटकी साइन वेव्ह नसते, टोकदार काटे असतात. ट्रान्झिस्टर बंद होताना कॉइलमधून शेकडो व्होल्टचा काटा निघतो. २एन३०५५ या ट्रान्झिस्टरवर निऑन बल्ब लावतात तो त्या काट्यापासून त्याला वाचवायलाच. साधा मीटर एसी रेंजवर सरासरी मोजतो आणि ५० हर्ट्झच्या साइन वेव्हचा हिशेब धरून आकडा दाखवतो. काट्यांसमोर तो आकडा निरर्थक असतो. कधी कधी काट्यांच्या रेडिओ गोंधळाने मीटरचे आकडे नुसते नाचत राहतात, आणि वहीत त्यातला सगळ्यात मोठा उतरतो.

यावर स्वस्त उपाय असा: आउटपुट आधी फास्ट डायोड आणि मोठा कपॅसिटर लावून सपाट डीसी करा, मग रेझिस्टरवर डीसी रेंजमध्ये मोजा. नेहमीचा १एन४००७ डायोड इथे नको, तो या काट्यांसाठी संथ आहे. अल्ट्राफास्ट डायोड सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतो.

कॉइलला समांतर कपॅसिटर लावून रेझोनन्स साधलाय आणि त्यात वाहणारा करंट क्लॅम्प मीटरने मोजून आउटपुट म्हणताय, तर तेही काढून टाका. तो करंट कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात येरझाऱ्या घालतो, बाहेर काहीच देत नाही.

मोजण्यातली ही अडचण नवी नाही. अमेरिकेत जोसेफ न्यूमनच्या, इनपुटपेक्षा जास्त देते असा दावा असलेल्या मोटरीवरून पेटंट ऑफिसशी कोर्टात वाद झाला, तेव्हा १९८६ साली नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापाच्या सरकारी संस्थेने ती तपासली. अशा काटेरी लाटा मोजू शकणारी उपकरणं लावल्यावर तपासलेल्या प्रत्येक व्होल्टेजला आउटपुट इनपुटपेक्षा कमीच भरलं.

बॅटरी: इथे घाई करू नका

मला सगळ्यात जास्त वेळ बॅटरीवर द्यावा लागतो. हिंगण्याकडचा एक मुलगा भर मे महिन्यात यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आणि सायकलच्या चाकावर चुंबकं बसवलेली मोटर घेऊन आला. वहीत तासातासाची रीडिंग, सुवाच्य अक्षरात. "काका, पाहा ना, सहा तास झाले, बॅटरी उतरूनच नाही राहिली!" मी मोटरचा करंट मोजला. ०.३ अँपिअर. म्हणजे ३.६ वॅट. सहा तासांचे झाले साधारण २१.६ वॅट-तास. ती बॅटरी भरलेली असताना नावापुरते ८४ वॅट-तास धरते. सहा तासांत तिने जेमतेम चौथा हिस्सा दिला होता, आणि मोटर थांबवून अर्ध्या तासाने मोजल्यावर व्होल्टेज पुन्हा थोडं वर आलं होतं. लेड-ॲसिड बॅटरीचं असंच असतं. लोड काढला की आतलं ॲसिड प्लेटांपर्यंत पुन्हा पोचतं आणि व्होल्टेज सावरतं. उलट नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर पृष्ठभागाचा चार्ज असतो. ती १३ च्या वर दाखवते आणि काही तासांत १२.८ वर येते.

आता मीटरची अचूकता बघा. या बॅटरीचं विश्रांतीचं व्होल्टेज भरलेली असताना १२.८ च्या आसपास आणि रिकामी झाल्यावर ११.८ च्या आसपास असतं. म्हणजे अख्खी बॅटरी एका व्होल्टात सामावलेली आहे. साध्या मीटरची चूक अर्धा टक्का धरली तरी १२ व्होल्टला ०.०६ व्होल्ट होते. तेवढ्यात चार-पाच वॅट-तास लपतात, आणि तुमची मोटर एका तासात त्याहून कमी खाते. म्हणून "१२.४१ चं १२.४४ झालं" यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरी बॅटरी जुनी, भंगारातून आणलेली असेल तर आणखी एक घोटाळा होतो. बरेच महिने पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि तिची क्षमता घटते. पल्सने चार्ज केलं की कधी कधी ती थोडी मोकळी होते आणि आधीपेक्षा जास्त चार्ज धरू लागते. ती बॅटरीची दुरुस्ती झाली. मोटरने वीज निर्माण केल्याचा तो पुरावा होत नाही.

आणि आपल्याकडचं ऊन. लेड-ॲसिड बॅटरी गरम असताना जास्त क्षमता देते. जानेवारीच्या रात्री मोजलेली आणि मे महिन्यात गच्चीवर मोजलेली एकच बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळी भरू शकते. दोन्ही बॅटऱ्या एकाच खोलीत, जमिनीवर, शेजारी शेजारी ठेवा. एक कुलरसमोर आणि दुसरी पश्चिमेच्या खिडकीत, असं नको.

खरी तपासणी इंडिकेटरच्या एका बल्बावर होते:

बॅटरी अ पूर्ण चार्ज करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी २१ वॅटचा बल्ब लावून घड्याळ सुरू करा. व्होल्टेज १०.५ ला आलं की थांबा आणि मिनिटं लिहा. चांगली ७ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण तीन तास जाईल. हा तुमचा पाया. आता अ पुन्हा पूर्ण भरा. बॅटरी ब त्याच बल्बावर १०.५ पर्यंत उतरवा, आणि लगेच मोटर लावून अ वरून ब चार्ज करा. काही तासांनी मोटर थांबवा, दोन्ही बॅटऱ्यांना रात्रभर विश्रांती द्या, आणि दोन्ही त्याच बल्बावर १०.५ पर्यंत उतरवून मिनिटांची बेरीज करा. बेरीज पायापेक्षा जास्त भरली तरच पुढे बोलायचं. मग अ आणि ब यांची अदलाबदल करून सगळं पुन्हा करा, म्हणजे मघाच्या जुन्या बॅटरीचा घोटाळाही सुटतो. ब ला उतरलेल्या अवस्थेत पडू देऊ नका, तशीच सल्फेट साचतं.

हिंगण्याच्या मुलाने हे सगळं चिकाटीने केलं. बेरीज कमी भरली. त्याने तीच वही प्रोजेक्ट म्हणून मांडली, नाव दिलं "पल्स मोटरची कार्यक्षमता मोजण्याच्या पद्धती". मला त्याचा अभिमान वाटतो.

बॅटरी काढा, कपॅसिटर लावा

यात थोडा खर्च आहे, पण वाद इथे लवकर मिटतो. २.७ व्होल्ट, १०० फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर सिरीजमध्ये लावले की सुमारे १६.७ फॅरड आणि १६ व्होल्टपर्यंतचा संच होतो. कपॅसिटरमध्ये रसायनाचा खेळ नगण्य असतो. किती ऊर्जा आहे ते व्होल्टेजच सांगतं: अर्धा गुणिले फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग. इनपुटचा संच १२ व्होल्टला भरून मोटर चालवा. ३.६ वॅटची मोटर तो संच ९ व्होल्टपर्यंत सुमारे अडीच मिनिटांत आणते, कारण त्या मधल्या टप्प्यात ५२५ ज्यूलच असतात. आउटपुटला तसाच दुसरा संच लावा. इनपुटमधून गेलेले ज्यूल आणि आउटपुटमध्ये आलेले ज्यूल समोरासमोर लिहा. प्रत्येक कपॅसिटरवर २.७ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका.

कॉइल शॉर्ट केल्यावर चाक वेगाने का फिरतं

आधी कॉइलच्या गाभ्याला हात लावा. तिथे जाड लोखंडी बोल्ट असेल तर तो तापलेला लागेल. सॉलिड लोखंडात चुंबक जवळून गेला की भोवरा करंट तयार होतात आणि चाकाला ब्रेक लावतात. कॉइल शॉर्ट केली की तिच्यातला करंट चुंबकीय फ्लक्सला गाभ्याबाहेर ढकलतो. बोल्टमधला अपव्यय घटतो आणि चाक मोकळं होऊन वेग घेतं. त्या वेळी उपयोगी आउटपुट शून्य असतं, कारण शॉर्टवर व्होल्टेजच नाही. बोल्ट काढून फेराइट बसवा, किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या. इतवारीच्या लोहा ओळीत भंगारात मिळून जातात. चाक आधीच वेगाने फिरू लागेल आणि ही जादू नाहीशी होईल.

नुसत्या चुंबकांचं चाक

याची तपासणी फुकट आहे, पण मी ती खाली ठेवली कारण यात बोटं जातात. चाक ठरावीक वेगाला फिरवा, सोडा, थांबायला लागलेला वेळ मोजा. मग स्थिर भागातली चुंबकं काढून तितक्याच वेगाने पुन्हा सोडा. चुंबकं असताना चाक लवकर थांबतं. जवळ येताना चुंबक जितकं ओढतं, तितकंच दूर जाताना मागे धरून ठेवतं. पूर्ण फेरीचा हिशेब शून्य, वर बेअरिंगचं घर्षण. अडकायची ती जागा चुंबकं तिरकी लावून सरकवता येते, घालवता येत नाही.

पोरं हमखास विचारतात, मग हॉवर्ड जॉन्सनला नुसत्या चुंबकांच्या मोटरीचं १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट कसं मिळालं? पेटंट हा कल्पना नवी असल्याचा कागद आहे, यंत्र चालतं याची हमी तो देत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर कलम ३ ची पहिलीच तरतूद सांगते की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध धरली जाणार नाही. पेटंटच्या नोंदी बघायच्या असतील तर पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम हे सरकारी कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. दुसरा प्रश्न भास्कराचार्यांचा असतो. बाराव्या शतकात त्यांनी आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं, हे खरं आहे. ते चाकही करून बघा, याच पद्धतीने वेळ मोजा, उत्तर तेच येईल. आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये असाच चुंबकांचा दावा करून शास्त्रज्ञांना आव्हान दिलं होतं. तिच्याच आमंत्रणावरून बसलेल्या २२ जणांच्या ज्युरीने २००९ मध्ये एकमताने सांगितलं की कंपनीने काही सिद्ध केलेलं नाही.

निओडिमियमची चुंबकं झटपट चिकटणाऱ्या गोंदावर सोडू नका. २० ग्रॅमचं चुंबक १० सेंटिमीटर त्रिज्येवर ३००० आरपीएमने फिरत असेल तर त्याला धरून ठेवायला सुमारे २० किलोच्या वजनाइतका जोर लागतो. गोंद सुटला की ते गोळीसारखं जातं. चाकावरून फायबरची पट्टी गुंडाळा, भोवती जाड प्लायवूडची चौकट करा, आणि चाक फिरताना त्याच्या रेषेत उभे राहू नका.

फ्लायव्हील आणि अल्टरनेटर

आकडा एकदा स्वतः काढला की प्रश्न संपतो. २० किलोची, ४० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी तबकडी १५०० आरपीएमला सुमारे ४९०० ज्यूल साठवते. १०० वॅटचा बल्ब त्यावर ५० सेकंदही चालत नाही. त्यात ही ऊर्जा आधी मोटरनेच मीटरमधून ओढलेली असते. पाच हॉर्सपॉवरचा पंप यावर चालवायचा म्हणणाऱ्या बागायतदारांना मी हाच हिशेब कागदावर मांडून देतो. ३.७ किलोवॅटला ही तबकडी दीड सेकंदही पुरत नाही.

थर्मॉसची तपासणी

इतकं करूनही शंका उरली तर आउटपुटचा रेझिस्टर पाण्यात बुडवा. जोड सिलिकॉनने बंद करा, थर्मॉसमध्ये एक लिटर पाणी घ्या, अर्धा तास मोटर चालवा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. १२ वॅटने अर्ध्या तासात पाणी पाच अंशांनी तापेल. ते फसवे ४८ वॅट खरे असतील तर वीस अंशांनी तापलं पाहिजे. लाट कशीही असो, काटे कितीही असोत, पाण्याला फरक पडत नाही. शेजारी नुसत्या पाण्याचा दुसरा तसाच थर्मॉस ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पाणी आपोआपही तापतं, तेवढे अंश वजा करायला हवेत. शक्यतो पहाटे करा.

इथे थांबा

२३० व्होल्टला हात लावायची वेळ आली की थांबा आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला बोलवा. विशेषतः अल्टरनेटरचं आउटपुट दोन्हीकडे पिन असलेल्या वायरने घराच्या बोर्डात घालायचा विचार मनात आला असेल, तर तो आत्ताच सोडा. लाइन बंद असताना ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मर तिला चढवून उच्चदाबाच्या तारेत पोचवतो, आणि महावितरणचा लाइनमन लाइन बंद आहे असं समजून त्या तारेला हात लावतो.

कपॅसिटरवर ६० व्होल्टच्या वर चार्ज साठत असेल तर एकट्याने काम करू नका. बॅटरी फुगली, हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर मोटर बंद करा, खोली उघडी टाका आणि ती बॅटरी पुन्हा वापरू नका. एका हाताने उचलत नाही एवढं फ्लायव्हील लेथवाल्याकडून बॅलन्स करून, वर जाळी बसवल्याशिवाय फिरवायचं नाही.

कोणी "बिनइंधनाचा जनरेटर" विकायला आला आणि आगाऊ पैसे मागू लागला तर तिथेही थांबा. त्याला म्हणा, यंत्र मोकळ्या मैदानात ठेव, कुठलीही वायर जोडू नकोस, आणि एक किलोवॅटचा हीटर चोवीस तास चालवून दाखव. चोवीस युनिट होतात. या अटीला तयार झालेला विक्रेता मला अजून भेटलेला नाही, आणि ॲडव्हान्स बुडालेले शेतकरी मात्र भेटले आहेत. बिल कमी करायचं असेल तर तेच पैसे छतावरच्या सोलरमध्ये घाला. एक किलोवॅटचं पॅनल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतं, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

आणि बल्ब, कपॅसिटर, थर्मॉस या तिन्ही तपासण्यांत आउटपुट जास्तच आलं, तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये जा, तिथे पॉवर ॲनालायझर आणि स्कोप (लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप) असतो. जाताना मोटर, दोन्ही बॅटऱ्या, वापरलेला तोच मीटर आणि मूळ वही घेऊन जा. नीट उतरवून काढलेली नको, खाडाखोड असलेली मूळचीच. प्रत्येक रीडिंगसमोर वेळ, लोड आणि खोलीचं तापमान लिहिलेलं हवं, म्हणजे लॅबवाल्यांना पहिल्याच तासात कामाला लागता येईल.